आईचं ऊन, माझे ढग

ज्या नोकरीत बोलावं लागत नाही, ती मिळवण्यासाठी मला पंधरा मिनिटं बोलून दाखवायचं होतं.

मी हॉटेलं बुक करणाऱ्या एका कंपनीत ईमेलना उत्तरं द्यायचे. त्या मार्चमध्ये आम्हाला सांगण्यात आलं की इंग्रजी मेलना आता यंत्र उत्तर देईल आणि आम्ही सगळे फोनवर जाऊ. स्पॅनिश मेल तेवढे माणसांकडे राहतील. ही बातमी ऐकून ऑफिसात काही लोक चिडले, काही खूश झाले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मी जेवण अ‍ॅपवरून मागवते आणि डिलिव्हरीवाल्याचा फोन आला की आईच्या हातात देते. आई त्याला आमच्या भागातल्या, नल्लकुंट्याच्या, गल्ल्या समजावून सांगते, वर त्याच्या घरची चौकशीही करते.

स्पॅनिश मी दोन वर्षं शिकत होते. भाषेवरच्या प्रेमानं वगैरे नाही. त्या ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवता यायचा, एवढंच. लेखी परीक्षा मी आरामात पास झाले. राहिली होती तोंडी. ती पास झाले तर स्पॅनिश मेल, नाही तर कानाला हेडफोन आणि दिवसभर परके आवाज.

वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं की तोंडीसाठी एखादा विषय पक्का तयार ठेवा, संभाषण आपोआप तिकडे वळतं. यादीत कुटुंब होतं, छंद होते, बालपण होतं, हवामान होतं. कुटुंबाबद्दल मी ओळखीच्या लोकांनाही काही सांगत नाही. छंद सांगण्यासारखा नव्हता. मी हवामान घेतलं, आणि त्यातही ढगाळ आकाश. ढगांबद्दल बोलताना कुणी उलटून विचारत नाही की तुमचं लग्न कधी.

शाळेत आम्ही निबंध असेच तयार करायचो. ‘पावसाळ्यातला दिवस’ पाठ केला की सहल असो, अपघात असो, शेवटी पाऊस पाडायचा आणि पाठ केलेलं उतरवायचं. इंग्रजी माध्यमाच्या माझ्या महागड्या शिक्षणाचं हे एवढंच कौशल्य अजून धडधाकट होतं.

शब्द जमवायला लागले तर ते संपेनात. नुब्लादो म्हणजे क्लाउडी, हे सोपं होतं. मग कुबिएर्तो, म्हणजे ओव्हरकास्ट. एन्कापोतादो, म्हणजे पुन्हा ओव्हरकास्ट. शब्दकोशाला इंग्रजीत पुढे काही सुचतच नव्हतं. प्लोमिसो म्हणजे शिशाच्या रंगाचं. नुबार्रोन म्हणजे मोठा काळा ढग. आबोर्रेगादोचा अर्थ दिला होता फ्लीसी. फ्लीस म्हटलं की मला फक्त ऑफिसच्या एसीत घालायचं जाकीट माहीत. नंतर कळलं की शब्दात मेंढ्या आहेत, म्हणजे आभाळभर मेंढ्या बसल्यासारखे ढग. आणि सगळ्यात लाडका, पान्सा दे बुर्रो, गाढवाचं पोट. महिनोन्महिने हलत नाही अशा करड्या आभाळाला म्हणतात.

कुबिएर्तो आणि एन्कापोतादो यांच्यातला फरक काही कळेना, तेव्हा मी आईलाच विचारलं. एकात आभाळ नुसतं झाकलेलं आहे, दुसऱ्यात अंगावर झगा ओढून बसलंय, असं काहीसं.

“म्हणजे एक मळभ आणि एक आभाळ भरून आलेलं,” आई गच्चीवर चीक घोटता घोटता म्हणाली. “त्यात काय एवढं? आणि हे बघ, कुरड्या वाळून डब्यात जाईपर्यंत या घरात ढगांचं नाव काढायचं नाही.”

हा आमच्या घरचा जुना नियम. गच्चीवर वाळवण असताना ढग, पाऊस, आभाळ, काही बोलायचं नाही. आजीच्या वेळेपासून कुणी बोललं नव्हतं म्हणे. बेगम बाजारातून आणलेला गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, सोऱ्यातून पाडून एवढं करायचं, आणि एका दुपारच्या मळभानं सगळ्या कुरड्या आंबायच्या. तेव्हा तोंड आवरायचं.

“आई, मी स्पॅनिशमध्ये म्हणतेय.”

“स्पॅनिशमध्येसुद्धा नक्को.”

“आभाळाला स्पॅनिश येत नाही.”

“आभाळाला सगळं येतं. खाली जाऊन म्हण.”

पण खाली नेटवर्क यायचं नाही. ते यायचं गच्चीवरच्या खोलीत, आणि परीक्षाही तिथूनच द्यायची होती. त्यामुळे आठवडाभर मी गच्चीच्या एका कोपऱ्यात फेऱ्या मारत हलक्या आवाजात ढग म्हणायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यात आई कुरड्या राखत माझ्याकडे रोखून बघायची. शेजारच्या गच्चीवर तेलुगू काकू आपले वडियालु, म्हणजे सांडगे, वाळत घालायच्या. त्यांनाही लवकरच पत्ता लागला.

“क्या अम्मायी, बादलां को बुला रई क्या? मेरे वडियालु हैं इधर!”

“परीक्षा आहे तिची,” आईनं माझी बाजू घेतली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “पुरे आता. बायका काय म्हणतील?”

मला मनातून ढग हवेच होते. परीक्षेच्या दिवशी थोडं मळभ आलं, तर खिडकीकडे हात करून पाठ केलेलं सगळं ओतता येईल. एका गच्चीवर दोघी मायलेकी एकाच आभाळाकडे बघत उलट्या प्रार्थना करत होतो. आभाळानं आईचं ऐकलं. सगळेच तिचं ऐकतात.

परीक्षेच्या दुपारी दोन वाजता आभाळ असं लख्ख होतं की निळ्या रंगाचाही राग यावा. मी आईला शंभरदा बजावलं होतं की खोलीत यायचं नाही, खिडकीसमोरून जायचं नाही, बोलायचं नाही. परीक्षक बाई मूळच्या लिमाच्या, स्पेनमध्ये राहणाऱ्या. पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. त्यांनी हसून सहज विचारलं की कसा काय आहे आजचा दिवस?

हीच माझी सुरुवात करायची खूण होती. बटण दाबल्यासारखी मी सुरू झाले. आज आकाश एन्कापोतादो आहे. सकाळी ते आबोर्रेगादो होतं, आता प्लोमिसो होत चाललं आहे. क्षितिजावर एक नुबार्रोन दिसतो आहे.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण तुमच्या मागे तर ऊन आहे.”

माझ्या मागे खिडकी होती आणि खिडकीत एप्रिलमधलं हैदराबाद. माझ्या कानाच्या पाळ्यासुद्धा उन्हानं चमकत असणार. मी मागे वळून पाहिलं, जणू ते ऊन आत्ताच माझ्या नकळत आलं होतं. पुढचं वाक्य पाठ होतं, पण तेही ढगांचंच होतं. मी गप्प झाले. माझ्या शांततेशी माझी चांगली ओळख आहे. ती एकदा बसली की उठत नाही. हेडफोनचं वजन आत्ताच कानांवर जाणवायला लागलं.

तेवढ्यात बाईंचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे गेले. “तो पाहा,” त्या म्हणाल्या, “तुमचा नुबार्रोन.”

खिडकीच्या खालच्या कडेनं एक मोठी काळी छत्री हळूहळू सरकत चालली होती. तिच्याखाली आई होती. कुरड्या उलटायची वेळ झाली होती, आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ती वाकून, जवळजवळ रांगत, माझ्यासाठी जिवाच्या करारानं लपून चालली होती. फक्त छत्री मिटायचं तिला सुचलं नव्हतं.

मी हसले. परीक्षेत हसायचं नसतं हे माहीत असूनही थांबता येईना. बाईही हसत होत्या. “कोण आहे?”

“माझी आई,” मी म्हणाले. पुढचं काही पाठ नव्हतं. “माझ्या आईला ढग नको आहेत. मला ढग हवे आहेत.”

“का?”

मग सांगावंच लागलं. कुरडईला स्पॅनिश शब्द नव्हता, म्हणून गव्हाची जाळी म्हटलं. आंबण्याला खराब होते म्हटलं. आई ढगांचं नाव काढू देत नाही, स्पॅनिशमध्येही नाही, हे सांगितलं. तिच्या मते आभाळाला स्पॅनिश येतं, हेही सांगितलं. क्रियापदांचे काळ कोलमडत होते. भूतकाळ वर्तमानात घुसत होता. काकूसुद्धा त्यात येऊन गेल्या. ज्या कुटुंबाबद्दल मी कुणाला सांगत नाही, ते अख्खं एका परक्या बाईसमोर गच्चीवर मांडून मोकळी झाले.

बाई म्हणाल्या, लिमात त्यांच्या आईला कपडे वाळवायला असं ऊन कधी मिळालं नाही. तिथं आभाळ म्हणजे—

“पान्सा दे बुर्रो!” मी मध्येच ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं तोडलं होतं, तेही गाढवाचं पोट म्हणण्यासाठी.

कॉल संपल्यावर आई दारात आली. छत्री अजून उघडीच. “दिसले नाही ना मी?”

“नाही,” मी म्हणाले.

“एवढी हसत काय होतीस मग?”

“परीक्षा होती.”

निकाल दहा-बारा दिवसांनी आला. पास. शेरा असा होता की विद्यार्थिनीचा ढगांबाबतचा शब्दसंग्रह गरजेपेक्षा जास्त आहे, आणि पाठ केलेलं संपल्यावर तिचं बोलणं सुधारतं. मी तो आईला मराठीत वाचून दाखवला.

“म्हणजे आता स्पॅनिशमध्ये बोलायचं तुला?”

“नाही. आता फक्त लिहायचं. बोलायला लागू नये म्हणूनच तर परीक्षा दिली.”

आईनं जरा विचार केला. “एवढं छान बोलत होतीस म्हणे. वाया गेलं की.” आणि त्या आनंदात तिनं कुरड्या तळल्या. पांढऱ्याशुभ्र. त्यातल्या काही काकूंकडे पाठवल्या.

जूनमध्ये मी स्पॅनिश विभागात रुजू झाले. फोनच्या कामासाठी मिळालेला हेडफोन परत केला. पहिल्या सकाळी टीमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं की इथं रोज काम सुरू करण्याआधी थोडा वेळ स्पॅनिशमध्ये गप्पा मारायच्या, सरावासाठी. सुरुवात नवीन मुलीनं करावी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ गच्च भरून आलं होतं. ते सगळे शब्द आज खरे होते, एकूण एक.

“माझ्या आईनं,” मी म्हणाले, “एप्रिलमध्ये कुरड्या केल्या.”