हाक म्हटलं की हाक

माझ्या अक्काच्या लग्नात नवरदेव बैलगाडीतून मांडवात आला, याला कारण एक परदेशी मोटार होती.

मोटार नवरदेवाच्या काकांची. नवरदेवाला वडील नव्हते, त्यामुळे सगळा मान या मुंबईच्या काकांचा. शर्यतीत पळवायची ती लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकलेली गाडी त्यांनी सोलापूरपर्यंत स्वतः हाकत आणली. आमच्या दारात येऊन ती किटलीसारखी फुसफुसली आणि थांबली. खाली हिरवट पाण्याचं थारोळं!

"नवरदेव मांडवात येईल तो याच गाडीतून," काका म्हणाले. "नाहीतर आम्ही संध्याकाळच्या रेल्वेनं परत." आणि वऱ्हाड उतरलं होतं त्या शेजारच्या घरात ते दाढी करायला निघून गेले.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा उतरला. अक्काचं आधीचं एक लग्न असंच मानपानावरून मोडलं होतं.

तेव्हा आत्याचे यजमान, अक्कलकोटकडचे सिद्रामप्पामामा, धोतर खोचून पुढे झाले. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं मामांनी उघडली होती. (काही परत जोडलीही होती.) त्यांनी गाडीचं पुढचं झाकण उचललं.

"आरं बसू, इंजिन कुटं हाय?"

"मागं असतं मामा, या गाडीत," मी म्हणालो.

"शेपटीत? मग फुडं काय ठिवलंय?"

पुढे रेडिएटर होता. तिथलं पाणी नळ्यांतून मागच्या इंजिनापर्यंत जायचं, आणि नळी इंजिनाला जोडली होती तो सांधाच फाटला होता. मामांनी आपल्या विहिरीवरच्या पंपासाठी घेतलेल्या रबरी नळीचा तुकडा कापला, सांध्यावर चढवला आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या.

"आता इंजिन चालू ठिवून पाणी भरू, म्हंजे आतली हवा निगती. गाडी कुणाला येती?"

"मला," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मित्राच्या वडिलांच्या टेम्पोत मी पुष्कळदा बसलो होतो, पण बहुतेक वेळा शेजारी. पण बहिणीच्या लग्नात भावानं काहीतरी करायला नको का!

"बस मग. गळलं न्हाय तर मी सांगतो. मी हाक म्हणलं की हाक. हळू, चार हात फुडं. काय?"

"हाक म्हटलं की हाकायची."

पुढे एका बाजूला आत्या घागर घेऊन. मागे मामा, इंजिनात डोकं घालून. मधे मी. पुढचं झाकण उघडं, त्यामुळे मला लाल पत्र्यापलीकडचं जग दिसत नव्हतं. क्लच दाबून, गिअर टाकून मी हुकमाची वाट पाहत होतो.

"हाक!" मामा ओरडले.

मी हाकली.

शर्यतीची गाडी चार हात जात नसते. ती जाते तेव्हा जातेच! आत्या घागर टाकून उडाली (त्या वयातली तिची उडी आजही घरात वाखाणली जाते). मांडवाचा पडदा गाडीवर आला. सनईवाला सनईसकट मारुतीच्या पारावर चढला. मागून मामा धोतर सावरत धावत होते, "ब्याडा! ब्याडा!"

मला ऐकू आलं, येडा! येडा!

मला राग आला. एवढ्या वऱ्हाडासमोर? आणि रागात माणूस दात आवळतो तसा पायही आवळतो. माझा नेमका उजवा पाय आवळला.

दुष्काळ सरला होता म्हणून बरं. बोळाच्या टोकाला कडब्याची गंजी होती. बहात्तर साली ती नसती, आणि मी थेट सात रस्त्याच्या चौकात निघालो असतो. गाडी खिडक्यांपर्यंत गंजीत घुसली आणि बंद पडली.

काका आले. अर्ध्या गालावर साबण. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

मामा मात्र बाहेर राहिलेल्या शेपटीवर वाकले. सांध्यावर बोट फिरवलं. "बघा सायेब. येक थेंब न्हाय."

काकांनीही बोट फिरवलं. कोरडं.

"नळी कुणी बसवली?"

"मी की."

"आणि गाडी कुणी चालवली?"

सगळ्या लग्नघरानं माझ्याकडे बोट केलं. खिडकीतून अक्कानंसुद्धा, हळदीच्या हातानं!

काकांनी साबण पुसला. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "वर बैलगाडीतून येऊ दे," ते म्हणाले. "फक्त या मुलाला बैलांपासून लांब ठेवा."

अक्षता वेळेवर पडल्या. (सोलापूरच्या वेळेवर.)

जेवणं झाल्यावर मी मामांना गाठलं. "तुम्हीच हाक म्हणालात!"

"तुला कुटं म्हणलो? तुज्या आत्याला म्हणलो! कन्नडात हाक म्हंजे घाल, वत. पाणी वत म्हणलो मी!"

मामा आमच्याशी मराठी बोलत आणि आत्याशी कन्नड, हे मी जन्मभर ऐकत आलो होतो. दर सुट्टीत त्यांच्याकडे जात होतो. अप्पा सांगून थकले, चार शब्द शिक. मी आत्याच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खाऊन परत येत असे.

"आणि मग येडा येडा का म्हणत होतात?"

"येडा न्हाय रं. ब्याडा. म्हंजे नको!"

म्हणजे त्या दिवशी मी मामांचे दोन शब्द चुकीचे ऐकले. पहिल्याबद्दल मी अजून सगळ्यांची माफी मागतो. दुसरा मात्र, अक्काचं आजही ठाम म्हणणं आहे, मी अगदी बरोबर ऐकला होता.