चांदबी मणियारीण आणि अडलेली म्हैस

चांदबीला जनावराचा मंत्र येतो, अशी कुजबूज तळोद्याच्या बाजारात कैक वर्षं चालली. अडलेल्या म्हशीच्या कानात तो फुंकला की पारडू आपोआप बाहेर! सांगणारे पोराबाळांच्या शपथा घेत. त्यांतल्या एकानेही ती म्हैस पाहिली नव्हती, ही गोष्ट निराळी.

चांदबी मणियारीण. बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन तापीकाठची गावं फिरायची. जनावरांशी तिचा संबंध एवढाच, की बैल दिसला की वाट बदलायची. एकोणीसशे तीस सालाच्या आसपासचा उन्हाळा असेल. गुलाबबाई गुजरणीच्या लेकीला लग्नाचा चुडा भरायला गेली, तर ओसरी रिकामी. सगळं घर गोठ्यात. घरची एकुलती एक म्हैस अडलेली. पारड्याचे पुढचे पाय आणि नाक बाहेर, पुढे काही सरकेना. थोरला मुलगा छगन आणि एक गडी दोन्ही पाय धरून सरळ ओढत होते, आणि म्हैस डोळे पांढरे करत होती.

चांदबीला गप्प बसवेना. "असं सरळ काय वढतस, भाऊहोन? बांगडीमा हातसुद्धा सरळ जात नही."

"म्हशीले बांगड्या भराले उनी का, मावशी?" छगन करवादला.

गुलाबबाईने मात्र विचारलं, मग कसा जातो?

इथे चांदबीची पंचाईत झाली. रोज हात जागेवर असतो, बांगडी सरकते. इथे बांगडी, म्हणजे म्हशीच्या आतलं हाडांचं कडं, जागेवर पक्की आणि पारडूरूपी हातच बाहेर येऊ पाहतोय! तिने पाटीतली एक बांगडी काढून आपल्या हातात घातली, काढली, तिरकी करून पुन्हा घातली. म्हशीला मागे रेटा म्हणाली. लगेच नको म्हणाली.

"थांबा रे. आठे हात कोणता नि बांगडी कोणती, मालेच समजत नही."

शेवटी एवढंच उमगलं, की बोटांची मुळं एकदम जात नाहीत. आधी एक बाजू, मग दुसरी. तेव्हा पारड्याचे खांदेही तसेच. एक पाय ओढा, मग दुसरा, असं तिने सांगितलं आणि स्वतः म्हशीच्या तोंडाशी बसून कानात पुटपुटत राहिली. छगनने चिडतच आळीपाळीने ओढलं. एक खांदा सुटला, मग दुसरा. पारडू बदकन पडलं. म्हैस वाचली.

हे कसं सुचलं, असं विचारलं की चांदबी पुन्हा आपला हात उलटसुलट करून पाहायची आणि विषय बदलायची.

मंत्र नव्हता. ताठ हात सैल पडावा म्हणून चांदबी बांगड्या भरताना बायकांना गावगप्पा सांगायची; त्याच तिने म्हशीला सांगितल्या.