चौथऱ्याच्या सावलीतली जागा

"मंग काय बोलनार व्हती गो मी? तूच सांग!" बाईजाने माठाची जुडी पाण्यात बुचकळली आणि जाळीतून संजीवनीच्या अंगावरच झटकली.

"काय पन बोलायचा," जाळीबाहेर उन्हात वांगी मांडून बसलेली संजीवनी तोंड पुसत म्हणाली. "पन पुऱ्या धसई गावादेखत माइकवर, 'शेटनी सवताची जमीन दिली, आमी त्यांच्या दारची मानसां'? सासरा वरून ऐकत असंल ना तुझा."

"ऐकू दे. त्यानंच शिकवलाय."

दवाखान्यासमोर भगीरथशेटचा अर्धपुतळा आहे. चौथऱ्यावर 'दानशूर' असं कोरलंय. दवाखान्याखाली दडपलेलं शेत बाईजाचा सासरा धाऊ कसायचा. त्याच्या बापानेही तेच कसलं. कायद्याने कुळाचं नाव लागायचं होतं, म्हणून एकदा साहेब खळ्यावर आला. शेट बाजेवर बसलेला. मालकासमोर 'माझं' म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. घरातली म्हैस कुणाची विचारलं तरी 'तुमचीच' म्हणायचे. साहेबाने विचारलं, शेत कोण कसतो? धाऊने टोपी काढली. "शेटच कसतात, सायब. आमी हाकेला येनारी मानसां."

साहेबाने ते तसंच लिहून घेतलं. नवी नवरी बाईजा चहाचे कप धरून मागे उभी होती. तिला कोण विचारतो?

पुढे शेटने ते शेत दवाखान्याला दिलं, आणि मेल्यावर चौथऱ्यावर चढला. धाऊ त्याच दवाखान्यात खोकून मेला. शेत गेलं तेव्हा बाईजाने भाजीची टोपली धरली, आणि चौथरा झाल्यावर त्याच्या सावलीला बसली, ती आजतागायत. सावली हातभर, पण तिच्यात पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकत नाही. त्यावरच घर चाललं.

यंदा कमिटीने पुतळ्याला सोनेरी रंग फासला आणि भोवती जाळी ठोकली. भाजीवाल्या उठवल्या. कमिटीचा साईनाथ बाईजाला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्ये, तू जुनी हायेस. पुण्यतिथीला शेटवर दोन शबूद बोल. जाळीच्या आत तुझा कोपरा सोडतो."

बाईजा बोलली. लोकांनी टाळ्या पिटल्या. साईनाथने तिच्या खांद्यावर शाल घातली.

"लाज नाय वाटली?" संजीवनीने विचारलं. तिची वांगी उन्हाने सुरकुतायला लागली होती.

"वाटली ना. वाटून काय करू? सासरा फुकट बोलला, मी कोपरा घेऊन बोलले."

"आनि आमचा कोपरा?"

जाळीचे गज तेवढे दोघींमध्ये होते. बाईजाने त्यांच्यामधून हात बाहेर काढला. "दे ती वांग्याची टोपली इकडं. पन विकायला तूच वरड, माझा घसा बसलाय कालपासना."

टोपली जाळीच्या फटीतून येईना. संजीवनी ती तिरकी करून करून दमली, तेव्हा दोघींनी एकेक वांगं आत घेतलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकलं. बाईजाने बादलीतली सत्काराची शाल पिळली, माठाच्या जुड्यांवर नीट पसरली आणि तिच्या काठाखालून ताजी जुडी ओढून काढली.