किती बोटं पाऊस

कुवैतमध्ये पाऊस पडतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ऊन सांगितलं, धूळ सांगितली, पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं हेही सांगितलं. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून निघताना मी छत्री बांधायला घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "वालवंटात छत्री नेलीस तर लोकं हसतील गो." मी छत्री परत खुंटीला अडकवली. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. लोक हसले असते तरी चाललं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

आम्ही कुवैत शहरातल्या मिरकाब भागात राहत होतो. तेव्हा तिथली जुनी घरं मातीची होती. एका अंगणाभोवती चार खोल्या, वर सपाट मातीचं छत, छताला चहूबाजूंनी गुडघाभर उंच कठडा. एका खोलीत मी, माझा नवरा आणि आमची चार महिन्यांची मुलगी. नवरा एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. दुसऱ्या खोलीत श्रीवर्धनकडचे एक चाचा, ते गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये स्वयंपाकी. तिसऱ्या खोलीत आमच्याच तालुक्यातला एक अविवाहित टायपिस्ट. चौथी खोली घरमालकिणीची. ती साठीची कुवैती विधवा होती, तिला आम्ही सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिची भाषा मला येत नव्हती. मला बाजारापुरते शब्द येत: किती, बस, चांगलं, महाग. एवढ्या शब्दांत मासळी घेता येते, माणसाशी बोलता येत नाही.

तो हिवाळा फार गार होता. एका सकाळी आभाळ काळंकुट्ट झालं, समुद्राकडून वारा सुटला आणि टपोऱ्या गारा पडू लागल्या. आम्ही चौघंही वेड्यासारखे अंगणात धावलो. चाचांनी गारा वाटीत गोळा केल्या आणि साखर घालून खाल्ल्या. गारांमागून पाऊस आला तो तीन दिवस हटला नाही. गल्ल्यांतून गुडघाभर चिखल झाला, कामं बंद पडली, पुरुष घरी बसले. आता घरी बसलेले कोकणी पुरुष पावसात काय करणार? त्यांनी पाऊस मोजायला घेतला.

आमच्या गावी पाऊस बोटांनी मोजतात. माझे सासरे अंगणात सरळ कडांचं तांब्याचं पातेलं ठेवत, सकाळी त्यात हात बुडवत आणि मशिदीत जाऊन सांगत, आज आठ बोटं. दुसरा कुणी म्हणे, आमच्यात नऊ. यावरून दोन घरांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. तोच वारसा इथं आला. नवऱ्यानं दुधाच्या पावडरचा रिकामा डबा अंगणात ठेवला. चाचांनी त्यांचा टोप ठेवला, तो तोंडाला रुंद आणि बुडाला निमुळता. टायपिस्टनं शाईच्या उंच बाटलीत मोठं नरसाळं खोचलं आणि त्याला तो मेजरमेंट म्हणू लागला. दर नमाजेनंतर तिघे आपापलं भांडं बघायचे आणि आकडा माझ्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात तीन बोटं, टोपात पाच, बाटलीत अकरा.

"अकरा कशी होतील?" नवरा म्हणाला. "एवढ्या पावसात तुमचं मेजरमेंट वाहून गेलं असतं."

"तुमचा डबाच वाकडा आहे," टायपिस्ट म्हणाला. "तिघांची ॲव्हरेज काढा."

चाचा म्हणाले, "आवरेज तुझ्या घरी. माजा टोप तीस वर्सं खोटा बोलला नाय."

मला हसू येई, पण खरं सांगायचं तर मीही त्यात होते. तीन की पाच की अकरा, हे मला जाणून घ्यायचं होतं. परक्या मुलुखात आपल्याला नेमकं कळणारी एकच गोष्ट सापडली होती, आणि ती पाऊस होती. या बाबतीत आम्हाला कुणी शिकवायचं नाही, असा आमचा सगळ्यांचा ताठा.

शिकवायला खाला आली. ती डब्यांकडे बघायचीच नाही. डोक्यावरून अबाया ओढून ती अंगणात उभी राहायची आणि छताकडे बघायची. कठड्याला एक लाकडी पन्हळ होती, छतावरचं पाणी त्यातून अंगणात पडे. त्या पन्हळीच्या धारेकडे ती दोन-दोन मिनिटं बघत राही. मग आमच्या खोलीत येई, वर छताच्या दांडक्यांवर अंथरलेल्या चटईला हात लावी, आणि बिछान्यावर पडलेली ओली माती चिमटीत घेऊन चोळून बघे. दुसऱ्या संध्याकाळी ती माझ्या नवऱ्याशी बराच वेळ बोलली.

"काय म्हंते ती?" मी विचारलं.

"म्हंते, बायकापोरांना पक्क्या शालेत न्या. गल्लीतली लोकं जमलीत तिकडं. हे छप्पर आता फार सोसणार नाय."

"तीन बोटं पावसाला?" मी म्हणाले. "आपल्याकडं तीन बोटं म्हंजे सकालचं सडा घातल्यासारखं. मी नाय जायची. पोरीला सर्दी झालीय, तिथं शंभर माणसांत कुठं नेऊ?"

नवऱ्यानं चाचांकडे बघितलं. चाचांनी भिंतीवरच्या कोळशाकडे बघितलं आणि मान हलवली, घाबरायचं कारण नाय. तिथं आम्ही चौघंही उंटावरचे शहाणे. कोकणात छप्पर उतरतं असतं, आठ बोटं काय, ऐंशी बोटं पडली तरी पाणी पागोळ्यांनी खाली येतं. सपाट मातीच्या छतावर पाऊस पडतो म्हणजे काय होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक काम केलं. पन्हळीखाली मी पिंप ठेवलं होतं. इतकं गोड पाणी फुकट वाहून जाताना बघवत नव्हतं, आणि मुलीचे कपडे खाऱ्या पाण्यात धुऊन राठ झाले होते. पण पिंपात पाण्याबरोबर छताची माती येत होती. घरी आम्ही पागोळ्यांचं पाणी फडक्यातून गाळून घेतो. मी मुलीचं एक दुपटं घेतलं, माझ्या जुन्या निळ्या साडीचं केलेलं, आणि पिंपाच्या तोंडाला बांधलं. धारेच्या जोरानं ते दोनदा पिंपात बुडालं. तेव्हा मी कोपऱ्यातल्या मातीच्या पायऱ्यांनी छतावर गेले आणि पन्हळीचं तोंड जिथं कठड्यात सुरू होतं, तिथं दुपटं चारी बाजूंनी नीट खोचलं. खाली आले तर पिंपात नितळ पाणी पडत होतं. मी स्वतःवर खूश झाले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

दुपारच्या नमाजेनंतर मी मुलीला दूध पाजून झोपवलं आणि चहा टाकला. अंगणात बघते तर पन्हळीची धार बारीक झालेली. थोड्या वेळानं नुसती करंगळीएवढी.

"पाऊस कमी झाला," मी ओरडले.

नवरा डबा बघून आला. "कमी कसा? सकालपासून दोन बोटं वाढलाय."

"पन्हळ बघा की."

त्यानं पन्हळ बघितली. मग पुन्हा डबा बघितला. चाचा आले, त्यांनी टोपात हात घातला, म्हणाले वाढलाय. टायपिस्ट म्हणाला, बाटली तर उतू गेली, पण पन्हळ आटली हेही खरं, म्हणजे वारा फिरला असणार, पाऊस तिरका पडतोय, छतावर पडतच नाही. चाचा म्हणाले, तिरका पाऊस छप्पर सोडून टोपातच कसा पडतो? नवरा अंगणाच्या मधोमध भिजत उभा, एक डोळा डब्यावर, एक पन्हळीवर. आणि मी, जिनं ते दुपटं स्वतःच्या हातानं खोचलं होतं, ती मी दारात उभी राहून विचार करत होते की डबा आणि पन्हळ यांपैकी खोटं कोण बोलतंय. शपथेवर सांगते, मला दुपटं आठवलं नाही. डोक्यात नुसता गोंधळ होता. पाऊस कमी झाला असावा असं मला वाटत होतं, कारण तसा तो व्हावा असं वाटत होतं.

तेवढ्यात खालाचं दार उघडलं. तिनं पन्हळीकडे एकदाच बघितलं. मग ती ज्या वेगानं धावली, त्या वेगानं साठीची बाई धावू शकते हे मला माहीत नव्हतं. मला बाजूला ढकलून ती खोलीत घुसली, झोपलेली मुलगी पांघरुणासकट उचलली आणि अंगणातून सरळ गल्लीत. "इत्लई! इत्लई!" एवढंच ओरडत होती. बाहेर ये, असा त्याचा अर्थ, पण तो मला नंतर कळला.

माझं डोकं फिरलं. माझी आजारी पोर भर पावसात घेऊन ही बाई निघाली कुठं? मी अनवाणी तिच्या मागे धावले, गल्लीत तिचा अबाया धरून ओढला, तिच्या हातावर मारलंसुद्धा. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. जे शब्द मी सासरी कधी उच्चारले नव्हते, ते सगळे त्या म्हातारीला ऐकवले. ती मुलीला छातीशी घट्ट धरून उभी राहिली आणि माझ्या मागे काहीतरी बघत होती. माझ्यामागून नवरा धावत आला, त्याच्यामागून चाचा आणि टायपिस्ट.

मग मागे धप्प असा आवाज झाला, धान्याचं मोठं पोतं पाठीवरून टाकावं तसा. फार मोठा नव्हता. आमच्या दारातून चिखलाचं पाणी लोंढ्यानं बाहेर आलं, त्यात चटईचे तुकडे, माझी चहाची किटली आणि मुलीची उशी.

मी उघड्या दारातून अंगणातल्या पन्हळीकडे बघितलं. तिच्यातून एक थेंबही पडत नव्हता. तेव्हा मला दुपटं आठवलं.

मी चिखलात खाली बसले. खालानं मुलगी माझ्या मांडीत दिली आणि ज्या हातावर मी मारलं होतं, त्याच हातानं माझं डोकं झाकलं.

आम्ही शाळेत चार दिवस काढले. तिथंही तिघांचं तेच. छत पडलं तेव्हा नक्की किती बोटं झाली होती? नवरा म्हणे सहा, चाचा म्हणत नऊ. टायपिस्ट म्हणाला, बाटली उतू गेल्यामुळे त्याला आकडा सांगता येणार नाही, पण तो सर्वांत जास्त होता. मी मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होते. दर वेळी मनाशी म्हणे, आता सांगते. दर वेळी नवऱ्याचा चेहरा बघून गप्प बसे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत होतं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. आम्ही सामान शोधायला परत गेलो. खाला आमच्या खोलीत ढिगाऱ्यावर उभी होती, एकटीच फावड्यानं माती ओढत होती. मी दारातच थांबले, कारण तिच्या बगलेत अबायाखाली निळ्या कापडाचं एक टोक दिसत होतं. चिखलानं माखलेलं, पण माझ्या साडीची किनार मी कुठेही ओळखली असती.

नवऱ्यानं तिला मोडक्या अरबीत विचारलं, हे असं एकदम कसं कोसळलं? घर तिचं होतं. तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, एवढं मला ठाऊक होतं. तिच्या डोक्यावरचं छत शाबूत होतं, पण ही खोली ती पुन्हा बांधू शकणार नव्हती, हे कुणालाही दिसत होतं.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मतर."

पाऊस.

"मी सांगत नव्हतो?" नवरा चाचांना म्हणाला. "मातीच्या घरांना पाऊस सोसतच नाय."

दुसरी जागा मिळेपर्यंत आम्ही शाळेतच राहिलो, मग शहराबाहेर खैतानला सिमेंटच्या घरात राहायला गेलो. निघायच्या दिवशी खाला शाळेत आली आणि माझ्या हातात एक घडी ठेवून गेली. दुपटं धुऊन, वाळवून, चार पदरी. मातीचा डाग तेवढा गेला नव्हता. मला तिला काही सांगायचं होतं आणि माझ्याजवळ शब्द होते किती, बस, चांगलं, महाग. मी तिचा हात धरला, ज्यावर मारलं होतं तो. ती हसली आणि निघून गेली.

नवरा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. म्हातारपणीसुद्धा कुणी कुवैतचा विषय काढला की तो ती गोष्ट सांगायचा आणि शेवटी मला विचारायचा, "सहाच बोटं होती ना गो?" मी हो म्हणायचे. दुपटं माझ्या पेटीच्या तळाशी होतं, आणि अजून तिथंच आहे.