ठमीची पाटी

आमचे हे गोल्फ क्लबात मिस्त्री होते. तिथल्या बॅटरीच्या छोट्या गाड्यांखाली पाठ टेकून बावीस वर्षं काढली. भंगारात निघालेल्या गाडीचे अवयव दुसरीला जोडून तिला उभी करायची, ही यांची हौस. मी म्हणायची, "अहो, माझे गुडघेही तेवढे बदला की!" तेव्हा हसायचे.

माझा धाकटा भाऊ घरी रिकामा बसला होता. यांच्या मागे भुणभुण लावून त्याला तिथे माळी म्हणून मीच चिकटवला.

मागच्या वर्षी गाड्यांच्या कंपनीचं पत्र आलं. ब्रेकमध्ये दोष आहे, उतारावर दगा देतील, गाड्या दुरुस्तीला परत पाठवा. सोबत नंबरांची यादी. नंबर सीटखालच्या पत्र्याच्या पाटीवर असतो. यांनी एकेक सीट उचलून पाट्या वाचल्या आणि अकरा गाड्या ट्रकवर चढवल्या. एका गाडीला हे लाडाने ठमी म्हणायचे, तिच्या पाटीवरचा नंबर यादीत नव्हता. ती राहिली.

चौथ्या दिवशी ठमी उतारावरून सुटली. खाली माझा भाऊ ओणवा होऊन पाण्याची नळी जोडत होता. बॅटरीची गाडी ती, आवाज कुठला यायला!

हॉस्पिटलच्या जिन्यात यांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी ठमीच्या सीटखालची चौकट मोडली, तेव्हा भंगारातल्या जुन्या गाडीची चौकट यांनीच तिला बसवली होती. पाटीसकट. म्हणजे यांनी वाचला तो नंबर ठमीचा नव्हताच.

"माझ्याच हातची गाडी गं," म्हणाले, "आणि मी पाटी वाचत बसलो."

मी बजावलं, "तोंडाला कुलूप घाला." कसचं काय! हे साहेबांपुढे जाऊन सगळं ओकून आले. नोकरी गेली. पाटीवरचा नंबर आमच्या यादीतच नाही, असं म्हणून कंपनीने हात झटकले, ते वेगळंच.

मला यांचा राग येतो, खोटं कशाला बोलू? पाठचा भाऊ आहे माझा. आणि यांचं ताट तसंच पडलेलं दिसलं की भाजी परत गरम करून पुढे ठेवते, तेही खरंच.

भाऊ आता आमच्याकडेच असतो, चाकाच्या खुर्चीत. कमरेखाली जाणीव नाही. गेल्या आठवड्यात खुर्चीचा ब्रेक ढिला झाला, आणि आमच्या दारासमोर उतार.

त्याने हाक मारली, "दाजी, बघता का जरा? तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम."

मला वाटलं, आता तरी गाडं रुळावर येईल. हे उठले, पाना घेतला, खुर्चीशी उकिडवे बसले. बराच वेळ नुसतेच ब्रेककडे बघत राहिले. मग पाना खाली ठेवला, बाहेरून एक वीट आणली आणि चाकाला लावली.

"दुसऱ्या कोणाला तरी दाखव," म्हणाले.

 मी नको नको ते बोलले. यांनी मान वर केली नाही.

वीट अजून तिथेच आहे. भावाला हलायचं असलं की "ताई" म्हणून हाक येते. मी जाते, वीट काढते, आणि त्याला फिरवून आणलं की परत लावते.