हिंगाच्या डबीची टाकी

बागेतल्या छोट्या रेल्वेसाठी मी विकतच्या इमारती आणत नाही. स्थानकाला फुटके कौल पुरले, फलाटाला आइसक्रीमच्या काड्या. पाण्याची टाकी स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीची केली, तिला राखाडी रंग दिला आणि रुळांशेजारी खिळ्यांवर उभी केली.

त्याच सुमारास पत्नी रुग्णालयातून घरी आली. मेंदूतील रक्तस्रावानंतर तिला किती आठवेल, हे डॉक्टरांना सांगता आले नव्हते. सकाळी तिला बागेत खुर्चीवर बसवून मी गाडी सोडली. तिचे लक्ष गाडीकडे नव्हते. ती टाकीकडे पाहत होती.

रंग दिला की वस्तूची जुनी ओळख पुसली जाते, असे मी समजत होतो. परंतु रोज हाताळलेल्या वस्तूची उंची आणि झाकणाची कड हाताला पाठ झालेली असते. तिथे रंगाचे काही चालत नाही.

"अहो, ही माझी हिंगाची डबी ना?"

"हो. रिकामी करून घेतली."

"अर्धा हिंग होता तिच्यात. कुठे टाकलात?"

"गुलाबाच्या बुंध्याशी."

"मग आता त्याला फोडणीही घाला."

हिंग खरोखरच अर्धा होता. मी दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि कित्येक दिवसांनी पाठ टेकली.