हृदयातली साफसफाई

बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. बाबांना त्यापेक्षा मोबाइलवर वाचलेलं पटलं. हळदीतल्या, द्राक्षाच्या सालीतल्या अर्कामुळे म्हणे हृदयाच्या पेशी स्वतःतला खराब झालेला माल मोडतात आणि त्यातूनच नवा घडवतात. डॉक्टर म्हणाले, "याचे प्रयोग अजून बरेचसे उंदरांवरच चाललेत. मला विचारल्याशिवाय काही घेऊ नका." बाबांनी त्याच संध्याकाळी कॅप्सूल मागवल्या.

कॅप्सूलच्या रिकाम्या बाटल्या ते धुऊन-पुसून आमच्या घाटकोपरच्या घरातल्या माळ्यावर ठेवायचे. तिथे आधीच शिट्टी नसलेला कुकर, जळलेला मिक्सर आणि कधीच विकून टाकलेल्या टीव्हीचा खोका होता. एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी भंगारवाल्याला वर बोलावलं. बाबा दार अडवून उभे राहिले. "एक वस्तू जाणार नाही! सगळं कामाला येतं!" मग हातात बाटली धरून त्यांनी त्या भंगारवाल्यालाच समजावलं, की निरोगी पेशी जुनं काहीही साठवून ठेवत नाही.

आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पेशीला माळा नसेल."